करार कायद्याची तोंडओळख: करार होतो केव्हा, आणि कोर्टात अडतो कुठे?

दिवाणी

"स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केलंय, म्हणजे पक्कं काम" आणि "लिहून काहीच दिलेलं नाही, म्हणजे करारच नाही" ही दोन वाक्यं आपल्याकडे सर्रास ऐकू येतात. दोन्ही चुकीची आहेत आणि दोन्हींपायी लोकांचे पैसे अडकतात. म्हणून मुळापासून सुरुवात करतो.

भारतीय करार कायदा १ सप्टेंबर १८७२ पासून लागू आहे. त्यातलं कलम १० हा सगळ्याचा पाया. दोन्ही पक्ष सक्षम हवेत, म्हणजे १८ वर्षं पूर्ण, मन ठिकाणावर आणि कायद्याने अपात्र न ठरलेले. संमती राजीखुशीची हवी. मोबदला आणि उद्देश कायदेशीर हवा. आणि कायद्याने जे करार मुळातच रद्द ठरवले आहेत त्यांत तो बसता कामा नये. करार लेखीच हवा असं हे कलम म्हणत नाही. दुसऱ्या एखाद्या कायद्याने लेखी किंवा नोंदणीकृत दस्त मागितला असेल तरच तो लागतो. दुधाचा रतीब, रिक्षाचं भाडं, सुताराला दिलेलं काम हे सगळे तोंडी करार आहेत आणि पूर्ण वैध आहेत.

कुठलाही वाद समोर आला की चार प्रश्न वेगवेगळे विचारायचे. करार झाला का? झाला असेल तर तो सिद्ध करता येईल का? जो कागद आहे तो मुद्रांक आणि नोंदणीच्या दृष्टीने कोर्ट पुराव्यात घेईल का? आणि दावा मुदतीत आहे का? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा "हो" असतं. माणसं हरतात ती पुढच्या तीन प्रश्नांवर.

करार होतो प्रस्ताव आणि स्वीकृती यांतून. एक उदाहरण अगदी जवळून बघा. स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांसाठी कारागीर १,८०,००० चं कोटेशन पाठवतो. तुम्ही उत्तर देता, "१,६०,००० ला करा." त्या क्षणी त्याचा मूळ प्रस्ताव संपला, कारण स्वीकृती बिनशर्त आणि जशीच्या तशी असावी लागते (कलम ७). तुमचं उत्तर हा नवा प्रस्ताव झाला. आठवड्याने तुम्ही "बरं, १,८०,००० चालतील" म्हणालात तर तो बांधील नाही, तो २,००,००० मागू शकतो. दुकानातली किमतीची चिठ्ठी किंवा साइटवरची जाहिरात हासुद्धा सहसा प्रस्ताव नसतो, ते प्रस्ताव देण्याचं आमंत्रण असतं. आणि "तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर मान्य समजू" असं एकतर्फी लिहून समोरच्याला बांधता येत नाही.

---

रुपाली_ड

व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता अंगठा दाखवला तर ती स्वीकृती धरतात का?

---

घाटमाथा

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ नुसार करार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला एवढ्याच कारणाने तो अवैध ठरत नाही. त्यामुळे ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर करार होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत या खटल्यात नुसत्या ईमेलच्या देवाणघेवाणीतून करार पक्का झाल्याचं मानलं, औपचारिक कागद अजून व्हायचा असतानाही.

अंगठ्याचा प्रश्न कॅनडात थेट कोर्टात गेला होता. सस्कॅचेवान प्रांतात २०२३ मध्ये जवसाच्या खरेदीचा करार फोटो काढून पाठवला, शेतकऱ्याने अंगठा पाठवला, आणि कोर्टाने ती स्वीकृती धरली. कारण महत्त्वाचं आहे: त्या दोघांत आधीचे व्यवहारही "ओके", "हो" अशाच एकशब्दी उत्तरांवर झाले होते आणि माल पोचलाही होता. तो निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, पण विचाराची दिशा हीच राहील. तुमच्यातली आधीची पद्धत काय होती ते बघितलं जाईल. "मेसेज मिळाला" एवढंच म्हणायचं असेल तर तसं शब्दांत लिहा.

---

सोपान

संमती "राजीखुशीची" म्हणजे नेमकं काय? फसवून सही घेतली तर करार आपोआप रद्द होतो का?

---

दिवाणी

आपोआप होत नाही, आणि इथे फार जण वेळ घालवतात. जबरदस्ती, गैरवाजवी दबाव, फसवणूक किंवा चुकीचं निवेदन असेल तर करार रद्द करता येण्याजोगा असतो (कलम १९ आणि १९अ). ज्याची फसवणूक झाली त्याने पाऊल उचलेपर्यंत तो चालूच राहतो. फसवणूक कळल्यावरही तुम्ही हप्ते घेत राहिलात किंवा माल वापरत राहिलात, तर तुम्ही तो मान्य केला असं समजलं जातं. म्हणून कळल्याबरोबर लेखी कळवा की करार रद्द करतोय, आणि मिळालेला फायदा परत करायची तयारी त्याच पत्रात दाखवा.

दोन्ही बाजूंची महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दल एकच चुकीची समजूत असेल तर मात्र करार मुळातच रद्द (कलम २०). कायद्यातलं उदाहरण घोड्याचं आहे: सौदा ठरला तेव्हा घोडा मेलेला होता आणि दोघांनाही माहीत नव्हतं.

अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलाचा करारही मुळातच रद्द, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने) १९०३ मध्ये मोहरी बिबी खटल्यात सांगितलं आणि आजही तेच चालतं. १७ वर्षांच्या मुलाने क्लासच्या फॉर्मवर केलेल्या सहीवर फी वसूल होत नाही. पालकाने स्वतःच्या नावाने सही केली असेल तर जबाबदारी पालकाची.

---

घाटमाथा

फसवणुकीबद्दल एक भर. नुसतं गप्प राहणं ही सहसा फसवणूक नाही. कलम १७ खालीही घोड्याचंच उदाहरण आहे: खरेदीदार म्हणतो, "तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा धडधाकट आहे असं मी धरतो", आणि विकणारा गप्प बसतो. तिथे गप्प बसणं बोलण्यासारखंच.

जुनी गाडी किंवा फ्लॅट घेताना याचा थेट उपयोग आहे. "गाडीचा अपघात झालेला आहे का? कर्ज बाकी आहे का? सोसायटीची थकबाकी आहे का?" हे लेखी विचारा. उत्तर खोटं आलं तर फसवणूक सिद्ध करायला कागद तयार असतो. विचारलंच नाही तर "मला सांगितलं नाही" ही तक्रार फार लांब जात नाही.

---

रुपाली_ड

समजा एखाद्याने नातेवाईकाला ३ लाख हातउसने दिले, बँकेतून पाठवले, कागद काही नाही. तुमच्या चार प्रश्नांत हे कुठे बसतं?

---

हिशोबनीस

करार झाला, त्यात शंका नाही. अडचण दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाची.

बँकेची नोंद एवढंच सांगते की पैसे गेले. ते कर्ज होतं हे ती सांगत नाही. समोरचा म्हणेल भेट होती, किंवा जुनं देणं फेडलं. म्हणून पैसे पाठवताना शेऱ्यात "हातउसने" लिहा आणि त्याच दिवशी एक मेसेज करा: "आज ३,००,००० हातउसने पाठवले, ३१ मार्चपर्यंत परत." त्याचं "मिळाले, नक्की देतो" हे उत्तर म्हणजे निम्मा पुरावा.

आता मुदत. परतफेडीची तारीख ठरलेली नसेल तर मुदत कायद्याप्रमाणे ३ वर्षं पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजतात, मागितल्याच्या दिवसापासून नाही. "मागशील तेव्हा देईन" असं ठरलं असेल तरीही तेच. १० जून २०२२ ला दिलेले पैसे १० जून २०२५ पर्यंत दावा केला नाही तर मुदतबाह्य. नात्यातले लोक "देईल की" म्हणून थांबतात आणि नेमकी हीच तारीख उलटते.

मुदत वाढवायचा रस्ता आहे. ३ वर्षं संपण्याआधी ऋणकोने (कर्ज घेणाऱ्याने) सही करून "देणं बाकी आहे" असं लिहून दिलं तर त्या दिवसापासून नवी ३ वर्षं (मुदत कायदा, कलम १८). थोडी रक्कम फेडली तरी मुदत नव्याने सुरू होते, पण त्या परतफेडीची नोंद फेडणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने हवी (कलम १९). मुदत उलटल्यावर नुसती कबुली उपयोगाची नाही. तेव्हा लागतं स्पष्ट लेखी वचन, सहीसह, की ही मुदतबाह्य रक्कम मी देईन. करार कायद्याच्या कलम २५(३) मध्ये असं वचन नवा मोबदला नसतानाही वैध धरलंय.

वचनचिठ्ठी (प्रॉमिसरी नोट) करत असाल तर रेव्हेन्यू तिकीट त्याच वेळी लावा. बाकीच्या दस्तांवर कमी पडलेलं शुल्क मागाहून दंडासह भरता येतं. बिनतिकिटाच्या वचनचिठ्ठीला ती सवलत नाही. ती दंड भरूनही पुराव्यात येत नाही.

२०,००० किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीत घेऊ नये असा आयकराचा नियम आहे आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. तेवढ्याने कर्जाचा करार रद्द होत नाही. पण व्याजावर पैसे लावणं हा कोणाचा धंदाच असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवाना लागतो आणि तो नसेल तर दावा फेटाळला जातो.

---

सोपान

आता तिसरा प्रश्न. स्टॅम्प, नोटरी, रजिस्ट्रेशन यांत फरक काय? आमच्याकडे तिन्ही एकच समजतात.

---

दिवाणी

तीन वेगळी कामं आहेत. मुद्रांक शुल्क हा सरकारचा कर. नोटरी सांगतो की या व्यक्तीने माझ्यासमोर सही केली. नोंदणीत दस्त दुय्यम निबंधकाच्या अभिलेखात जातो. नोटरी कितीही झाली तरी जिथे कायद्याने नोंदणी मागितली आहे तिथे ती नोंदणीची जागा घेत नाही.

कमी मुद्रांकामुळे करार मरत नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे तो कागद शुल्क आणि दंड भरेपर्यंत पुराव्यात घेत नाहीत. दंड कमी पडलेल्या शुल्कावर दरमहा २ टक्के, दस्त केल्याच्या तारखेपासून. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने डिसेंबर २०२३ मध्ये लवाद कराराबद्दल हेच सांगितलं: मुद्रांक नसणं हा दुरुस्त करता येणारा दोष आहे.

ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात साध्या कराराला १०० ऐवजी ५०० चा मुद्रांक लागतो. स्टॅम्पपेपर विकत घेतल्यापासून सहा महिन्यांत वापरायचा असतो. मागच्या तारखेचा जुना स्टॅम्प मिळवून त्यावर करार "बसवणं" हा सरळ आत्मघात आहे. स्टॅम्पची विक्री कोणाला आणि कधी झाली ही नोंद असते आणि उलटतपासणीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

घरभाड्याबद्दल. "११ महिन्यांचा केला म्हणजे नोंदणी नको" ही समजूत नोंदणी कायद्यातून आली, कारण तिथे एका वर्षापेक्षा जास्त भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ मुदत बघतच नाही. लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत हवंच, ती जबाबदारी घरमालकाची, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

खर्च फार नाही. २४ महिने, भाडं २०,००० आणि परतीची अनामत १,००,००० धरा. एकूण भाडं ४,८०,०००. अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, म्हणजे दोन वर्षांचे २०,०००. बेरीज ५,००,०००, त्यावर ०.२५ टक्के म्हणजे १,२५० रुपये मुद्रांक. नोंदणी शुल्क महापालिका, नगरपालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी करायची. त्यानंतर आणखी चार महिने दंड भरून.

---

रुपाली_ड

फ्लॅटसाठी विसार पावती करून ५ लाख दिले आणि कर्ज मंजूर झालं नाही, तर मालक ते जप्त करू शकतो का?

---

घाटमाथा

पावतीवर काय लिहिलंय यावर बरंच अवलंबून. विसार म्हणजे व्यवहार पार पाडण्याची हमी म्हणून दिलेली रक्कम, आणि फ्लॅट घेणाऱ्याने माघार घेतली तर ती जप्त होऊ शकते. किमतीचा भाग म्हणून दिलेला ॲडव्हान्स तसा जप्त होत नाही. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सतीश बत्रा खटल्यात मांडला. विसारालाही करार कायद्याचं कलम ७४ (करारात आधीच लिहून ठेवलेल्या भरपाईबद्दलचं) लागतं. २०१५ च्या कैलाशनाथ निकालानुसार नुकसान झालंच नसेल तर मोठी रक्कम गिळता येत नाही, आणि नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावं लागतं.

पण आधीच वाक्य घाला: "बँकेने ४५ दिवसांत कर्ज नाकारल्यास, नकारपत्र दाखवल्यावर संपूर्ण रक्कम १५ दिवसांत परत." वाद होतो तो हे वाक्य नसतं म्हणून. बिल्डरकडून घेत असाल तर रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार करण्याआधी तो किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊच शकत नाही.

साठेखताने (पुढे विक्री करू अशा कराराने) मालकी येत नाही, ती खरेदीखतानेच येते. मालक फिरला तर करार प्रत्यक्ष पूर्ण करून मागण्याचा दावा करता येतो आणि २०१८ च्या कायदादुरुस्तीनंतर तो नाकारण्याची कोर्टाची मोकळीक बरीच कमी झाली आहे. मात्र तुम्ही सुरुवातीपासून पैसे घेऊन तयार होता हे दाखवावंच लागतं: मंजुरीपत्र, खात्यातली शिल्लक, "अमुक तारखेला निबंधक कार्यालयात या" अशी नोटीस. मुदत ३ वर्षं, ठरलेल्या तारखेपासून. तारीख ठरलेली नसेल तर नकार कळल्यापासून.

---

मांडवीकाठ

गोव्याबद्दल एक. करार कायदा तोच आहे, पण वैवाहिक मालमत्तेला १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता लागते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची समाईक. त्यामुळे स्थावर घेताना विकणाऱ्या नवराबायको दोघांची सही घ्या, कागदावर नाव एकाचंच असलं तरी. महाराष्ट्रातून येऊन घर घेणारे इथेच चुकतात.

---

सोपान

नोकरीचा बाँड? "तीन वर्षांआधी सोडलं तर २ लाख" आणि "सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जायचं नाही" या दोन अटी नेहमी असतात.

---

दिवाणी

दुसरी अट नोकरी संपल्यावर चालत नाही, कलम २७ खाली ती रद्द. नोकरीत असताना दुसरीकडे काम करू नये ही अट मात्र वैध. कंपनीची गोपनीय माहिती नेऊ नये हेही वैध.

पहिली अट वेगळी. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांआधी सोडल्यास २ लाख ही अट उचलून धरली, कारण बँकेला नव्याने भरतीप्रक्रिया करावी लागते आणि पगाराच्या मानाने रक्कम अवाजवी नव्हती. प्रशिक्षण काहीच न देता मोठी रक्कम लिहिली असेल तर कलम ७४ आडवं येतं. लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. कोर्ट त्याच्या आत वाजवी भरपाई देतं. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायचा अधिकार यातून मिळत नाही.

करारात बारीक अक्षरात आणखी एक अट असते: "सहा महिन्यांत दावा न केल्यास हक्क संपेल." कायद्याने दिलेली मुदत अशी छाटता येत नाही (कलम २८). "फक्त पुण्याच्या कोर्टात" ही अट चालते, जर पुण्याला मुळात अधिकारक्षेत्र असेल तर.

---

हिशोबनीस

कुठे जायचं याबद्दल थोडक्यात. स्वतःच्या वापरासाठी वस्तू किंवा सेवा घेतली असेल तर ग्राहक आयोग: दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, मुदत २ वर्षं, ५ लाखांपर्यंत फी नाही. धनादेश परत आला असेल तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर १५ दिवस वाट, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार. यातलं एक पाऊल उशिरा पडलं की कलम १३८ चा (परक्राम्य संलेख अधिनियमाखालच्या फौजदारी तक्रारीचा) रस्ता जवळपास बंद. पैशांचा दिवाणी दावा मात्र उरतो. लेखी करारावर ठरावीक रक्कम येणं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा करता येतो, तिथे प्रतिवादीला १० दिवसांत हजर व्हावं लागतं आणि बचाव मांडायलाही कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. व्यापारी वाद ३ लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल आणि तातडीचा मनाईहुकूम नको असेल तर आधी मध्यस्थी सक्तीची. ती टाळली तर दावा दाखल होताच फेटाळला जातो.

व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट नुसते छापून जोडले तर अडतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश किंमत (फाइल बदललेली नाही हे तपासायचा संकेतांक) त्यात लिहायची. म्हणून मूळ फोन विकू नका, चॅट पुसू नका.

---

रुपाली_ड

आणि दावा जिंकल्यावर पैसे कोर्ट वसूल करून देतं?

---

दिवाणी

हुकूमनाम्यानंतर (कोर्टाच्या निकालाच्या औपचारिक आदेशानंतर) वेगळी दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, करावी लागते. तिला १२ वर्षं मुदत आहे. पण काय जप्त करायचं ते तुम्हाला दाखवून द्यावं लागतं, कोर्ट शोधत बसत नाही. बँक खातं, वाहन, स्थावर, पगार. पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकी जप्त होतो. ३१,००० पगार असेल तर महिन्याला जास्तीत जास्त १०,०००. आणि एकाच हुकूमनाम्यासाठी २४ महिने जप्ती झाली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार सुटतो, म्हणजे या मार्गाने २,४०,००० च्या वर हाती येत नाही.

म्हणून करार करतानाच समोरच्याचा कायमचा पत्ता, पॅन, बँक खात्याचा क्रमांक आणि नोकरी-व्यवसायाचा तपशील कागदात लिहून घ्या. रक्कम मोठी असेल तर पगारदार जामीनदार घ्या. कलम १२८ प्रमाणे त्याची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते आणि आधी ऋणकोकडे जा असं तो म्हणू शकत नाही. फक्त पुढे व्याज किंवा मुदत बदलायची झाली तर जामीनदाराची सही पुन्हा घ्या. त्याला न विचारता अटी बदलल्या तर त्यानंतरच्या व्यवहारांतून तो सुटतो (कलम १३३), आणि ऋणकोला मुदत वाढवून दिली तर पूर्णच सुटतो (कलम १३५).